लिहिणारा हात आणि कळफलक

जुन्या संस्कृत पोथीचे शेवटचे पान उलटले म्हणजे ग्रंथसमाप्ती, शक, तिथी आणि लेखकाचे नाव ह्यांच्या पाठोपाठ पुष्कळदा एक लहानसा श्लोक भेटतो. तो ग्रंथकाराचा नसतो. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकाचा असतो, आणि एका पोथीतून दुसरीत असा तो देशभर पसरलेला आहे. त्यात विद्वत्ता नाही, भक्तीही नाही. आहे ते गाऱ्हाणे. पाठीपासून मानेपर्यंत आपल्या शरीराची काय दशा झाली हे सांगून लेखक वाचकाला विनवितो की, एवढ्या कष्टाने उतरविलेला हा ग्रंथ नीट सांभाळा. काही पाठांत तर आवळलेल्या मुठीचाही उल्लेख येतो. लिहिण्याच्या कामाने शरीर झिजते, ही तक्रार संगणकाबरोबर जन्माला आली अशी आज अनेकांची समजूत आहे. ती किती चुकीची आहे हे दाखविण्यास हा एक श्लोक पुरेसा आहे.

लिहिणाऱ्या हाताचा विचार करावयाचा तर मराठी माणसाला तंजावरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. कावेरीच्या काठच्या त्या प्रदेशात भोसले घराण्याचे राज्य सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात स्थापन झाले आणि १८५५ पर्यंत टिकले. १७९९ नंतर सत्ता किल्ल्यापुरतीच उरली, तरी लेखणी काही थांबली नाही. किंबहुना ज्या राजाच्या हातून राज्यकारभार गेला, त्या दुसऱ्या सरफोजी महाराजांच्याच काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ ह्या वर्षांत, तेथे लिहिणे, नकला करणे, छापणे आणि संग्रह करणे ह्यांना अपूर्व भर आला. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास १८०३ मध्ये कोरविला गेला, तो रचणारे बाबूराव हे पदाने चिटणीस होते, म्हणजे लेखणीवर जगणारेच. महाराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुले आहे. त्यात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत, मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या पुढे आहेत, आणि ह्याखेरीज मोडी कागदांचे हजाराहून अधिक गठ्ठे आहेत. ह्या कागदांत राजवाड्याचा जमाखर्च आहे, अन्नछत्रांचा हिशेब आहे, नाटकशाळेचा खर्च आहे. महाराजांना वैद्यकाचा नाद होता. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांची टिपणे ठेवण्याचा त्यांचा परिपाठ तर आजच्या नेत्रवैद्यांनाही कौतुकाचा वाटला आहे.

हे कागद आज वाचावयाचे कोणी? मोडी सराईतपणे वाचणारी माणसे महाराष्ट्रातच थोडी. तमिळनाडूत त्याहून थोडी. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध करून मोठेच काम केले. पण उरलेल्या राशीचे काय? कागदाचे छायाचित्र यंत्र घेते, त्या छायाचित्रातील अक्षर ओळखण्याचे काम मात्र अजून मुख्यतः माणसालाच करावे लागते. डोळ्यांनी मोडी वाचावयाची आणि बोटांनी तीच देवनागरीत किंवा तमिळमध्ये संगणकावर उतरवावयाची, असे ह्या कामाचे स्वरूप आहे. असे काम जाणणाऱ्या माणसाचा उजवा हात सहा महिने गळ्यात बांधून राहिला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस सहज मिळत नाही. म्हणूनच कळफलक कोणता घ्यावा हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ खरेदीखात्यावर सोडून भागणार नाही.

जुन्या कारकुनाची स्थिती ह्या बाबतीत एका अर्थाने बरी होती. त्याचे हत्यार तो स्वतः घडवीत असे. बोरूचा कांडा आपल्या पकडीला जाड की बारीक हवा, टोकाला छाट किती तिरपी द्यावी, हे प्रत्येकजण आपल्या चाकूने ठरवी. दोघांच्या कलमदानांतले बोरू बदलले तर दोघांचेही अक्षर बिघडे. शिवाय मोडी ही लिपीच मुळी हाताची दमछाक ओळखून वळण घेत गेलेली आहे. आधी कागदभर आडव्या रेघा आखून घ्यावयाच्या, म्हणजे प्रत्येक अक्षरावर शिरोरेषा देण्यासाठी हात मागे न्यावा लागत नाही. मग त्या रेघेला लोंबकळत अक्षरामागून अक्षर, हात न उचलता, शाई संपेपर्यंत. ती संपली की बोरू दौतीत बुडवावयाचा. दौतीपर्यंत जाऊन येणारा हात तेवढ्यापुरता मोकळा होतो, बोटे सैल पडतात. दर काही शब्दांनी मिळणारी ही क्षणभराची विश्रांती कोणी हेतुपुरस्सर योजिली नव्हती. ती साधनाच्या अपुरेपणातून आपोआप मिळत होती.

शेजारी बसणाऱ्या तमिळ लेखकाची तऱ्हा निराळी. त्याच्यापुढे ताडपत्र आणि हातात लोखंडी लेखणी. ती उजव्या मुठीत धरावयाची आणि डाव्या अंगठ्याच्या आधाराने पुढे सरकवावयाची. त्यासाठी डाव्या अंगठ्याचे नख वाढवून त्यात खाच पाडण्याची चाल होती. येथे भार दोन्ही हातांत वाटला गेला आहे, आणि साधन हाताला बसत नाही तेथे हातालाच थोडेसे कातरून साधनाला बसविले आहे.

युरोपात ह्या विषयाचा पहिला पद्धतशीर विचार बेर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या इटालियन वैद्याने केला. कारागिरांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० साली निघाला, आणि १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातले. लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने दिली आहेत: सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल, आणि हिशेबात चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांनंतरही ह्या यादीत घालावे असे फारसे काही सापडत नाही. त्याने एका लेखनिकाची हकीगतही दिली आहे. त्याचा उजवा हात प्रथम जड झाला, मग निकामी झाला. तेव्हा तो नेटाने डाव्या हाताने लिहावयास शिकला, आणि थोड्याच काळात डाव्या हाताचीही तीच गत झाली. दोष उजव्या हाताचा नव्हता, कामाच्या रीतीचा होता.

पुढे १८३० च्या सुमारास इंग्लंडच्या कचेऱ्यांत पिसाच्या लेखणीऐवजी पोलादी टाक आला, तेव्हा कारकुनांची बोटे आखडू लागल्याची ओरड झाली आणि खापर टाकावर फुटले. त्यानंतर पाळी तारायंत्राची. एकाच कळेवर दिवसभर खालीवर आपटणाऱ्या तारमास्तरांचा हात आखडतो हे ब्रिटनने १९०८ मध्ये कायद्याने मान्य केले आणि त्याला भरपाईस पात्र ठरविले. १९११ मध्ये चौकशी समितीचा अहवालही आला. त्याआधीच, १९०४ मध्ये, हॉरेस मार्टिन ह्या अमेरिकन गृहस्थाने आडव्या दिशेने हलणारी कळ काढली होती. तीत अंगठ्याने एकदा दाबताच ठिपक्यांची माळ आपोआप उमटे, त्यामुळे हाताचे कष्ट पुष्कळ कमी होत. हाताच्या सोयीसाठी बुद्ध्या बदललेली कळ म्हणून तिचा मान फार वरचा आहे. आपल्या देशातील सार्वजनिक तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

टंकलेखन यंत्राने दोन्ही हातांना काम दिले, पण त्या यंत्रातही बोरूच्या दौतीसारखे थांबे होते. ओळ संपली की घंटी वाजे, हात उचलून दांडा लोटावा लागे. पान संपले की कागद बदलावयाचा, चूक झाली की खोडावयाचे. कळा जड होत्या, बोटे दुखत, हे खरे. तथापि हाताची ठेवण मिनिटामिनिटाला बदलत असे. संगणकाच्या कळफलकाने कळा हलक्या केल्या आणि त्याबरोबर हे सारे थांबेही काढून टाकले. आता ओळ आपोआप वळते, पान आपोआप सरकते, आणि मनगट एकाच जागी तासन्‌तास अधांतरी राहते. कळ हलकी झाली म्हणजे काम हलके झाले, ह्या समजुतीत येथेच घोटाळा आहे.

शरीरात प्रत्यक्ष घडते काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. बोटे वाकविणारे स्नायू बोटांत नाहीत, ते कोपराखालच्या हातात आहेत. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातील एका अरुंद बोगद्यातून तळव्याकडे जातात. ह्या बोगद्याला तीन बाजूंनी हाडांची भिंत आणि वरून एक चिवट पट्टा असतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्धी अनामिका ह्यांची संवेदना त्या तंतूवर अवलंबून असते. मनगट सरळ असते तोवर सर्वांना जागा पुरते. ते मागे वळले की बोगद्यातील दाब वाढतो. करंगळीच्या बाजूस झुकले की कंडरांना कोपऱ्यावरून वळून घसटत जावे लागते. तळवा पूर्ण पालथा धरला की कोपराखालची दोन हाडे एकमेकांवर आडवी येतात आणि ती ठेवण टिकविण्यासाठी स्नायूंना सतत ओढून धरावे लागते. साधा सरळ कळफलक दोन्ही हातांना एकदम ह्या तिन्ही ठेवणी घ्यावयास लावतो, कारण खांदे रुंद आणि फलक अरुंद. हात आत वळून येतात आणि बोटांना कळांवर सरळ उतरविण्यासाठी मनगटे बाहेर मोडतात.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. हात दुखला की तो बोगद्याचाच रोग, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. डेन्मार्कमधील हजारो संगणक वापरणाऱ्यांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत कळफलकाच्या वापराशी ह्या रोगाचा ठळक संबंध आढळला नाही. आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक माउस वापरणाऱ्यांत मात्र त्याची लक्षणे अधिक दिसली. मान, खांदे आणि कोपराखालचा हात ह्यांची दुखणी हीच टंकलेखकाची खरी नित्याची सोबत होय. तेव्हा नवा कळफलक आणला म्हणजे सर्व व्याधी पळाल्या, असे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीकडे संशयाने पाहावे हे बरे.

मग निवड करावयाची कशी? पहिली गोष्ट कळफलकाची नाहीच, मेजाची आहे. आपल्या कचेऱ्यांतील मेज साधारण पंच्याहत्तर सेंटीमीटर उंच असते. ती उंची हाताने लिहिण्यासाठी ठरलेली आहे. पाच फूट उंचीची व्यक्ती साध्या खुर्चीवर बसली की तिचे कोपर ह्या पृष्ठापेक्षा दहा सेंटीमीटर तरी खाली राहते. परिणामी खांदे वर खेचले जातात आणि मनगटे मागे मोडतात. अशा मेजावर सर्वांत महागडा कळफलक ठेवला तरी त्याचा उपयोग नाही. खुर्ची उंच करून पायांखाली पाट द्यावा, किंवा मेजाखाली सरकता खण बसवून फलक खाली घ्यावा. कोपर काटकोनात आणि हात जमिनीला समांतर राहिला की झाले. ज्या कागदावरून उतरवावयाचे तो डाव्या बाजूला सपाट ठेवला तर मान दिवसभर वळलेली राहते. पडदा आणि फलक ह्यांच्या मध्ये उतरत्या फळीवर तो उभा करावा. पोथी उतरत्या पीठावर ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे सांगावे लागत नव्हते.

दुसरी गोष्ट फुकट आहे. बहुतेक कळफलकांच्या मागच्या कडेला दोन लहान पाय असतात, आणि ते उघडून फलक तिरपा करणे हेच योग्य, असे लोकांना वाटते. ही तिरपी ठेवण टंकलेखन यंत्राच्या पायऱ्यांचा वारसा आहे. तिने मनगट अधिकच मागे वळते. ते पाय मिटून टाकावेत. शक्य तर पुढची कड किंचित उंच करावी. मनगटाखाली ठेवावयाची मऊ पट्टी विश्रांतीसाठी आहे. टंकन चालू असताना तिच्यावर मनगट रेटून धरले तर नेमका त्या बोगद्यावर दाब येतो.

तिसरी गोष्ट रुंदी. उजव्या टोकाचा अंकांचा चौकोन हिशेबनिसाला हवा असतो. मजकूर उतरविणाऱ्याला तो क्वचित लागतो. मात्र त्याच्यामुळे माउस एक वीत लांब जातो आणि उजवा खांदा दिवसभर बाहेर ओढलेला राहतो. डेन्मार्कच्या पाहणीने माउसकडे बोट दाखविले आहे हे ध्यानात घेता, अंकांचा चौकोन नसलेला आटोपशीर कळफलक ही मजकूर लिहिणाऱ्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित सुधारणा आहे.

कळांच्या जडपणाबद्दल टोकाची मते ऐकू येतात. फार जड कळ बोटे थकविते हे उघड आहे. पण फार हलकी आणि ठाव न लागणारी कळही त्रासदायक, कारण अक्षर उमटले की नाही हे बोटाला कळत नाही आणि ते तळापर्यंत आपटत राहते. बहुतेक माणसे कळ दाबावयास लागणाऱ्या जोराच्या दुपटीतिपटीहून अधिक जोर लावतात, असे मोजणीत आढळले आहे. कळ अर्ध्यावर असतानाच बोटाला स्पष्ट जाणीव देणारा फलक बरा. आवाज मात्र बेताचा असावा; ग्रंथालयात इतर वाचकही असतात.

आता दुभंगलेल्या कळफलकाकडे वळू. ही कल्पना नवी नाही. क्लोकेनबर्ग ह्या जर्मन संशोधकाने टंकलेखन यंत्राचे कळफलक दोन भागांत विभागून तिरपे ठेवावेत असे १९२६ मध्येच सुचविले होते. १९७२ मध्ये क्रोमर ह्यांनी प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने असा फलक सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणला. दोन्ही भाग खांद्यांच्या अंतरावर ठेवले की मनगटे बाहेर मोडत नाहीत, आणि आतल्या कडा उचलून तंबूसारखा आकार दिला की तळवे पूर्ण पालथे राहत नाहीत. हा लाभ मोजता येतो. दुखणे कमी होते का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. अमेरिकेच्या व्यवसायस्वास्थ्य संस्थेने १९९७ मध्ये सावध मत दिले की, असे फलक दुखापत टाळतात असे म्हणण्याजोगा पुरावा अद्याप नाही. त्यानंतर १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हात दुखणाऱ्या ऐंशी जणांना चार गटांत वाटून सहा महिने चार प्रकारचे फलक देण्यात आले, त्यांतील एक साधाच होता. दुभंगलेल्या फलकांपैकी एकाच्या बाबतीत दुखणे खरोखर कमी झाले. पण ते आठवड्यात नव्हे, महिन्यांनी. म्हणजे आशा बाळगण्यास जागा आहे, उतावळेपणास नाही.

येथवरचे विवेचन इंग्रजी लिहिणाऱ्यालाही लागू पडते. मराठी लिहिणाऱ्याची एक खास अडचण आहे, आणि परदेशी पुस्तकांत ती सापडणार नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा समान कळफलक ठरविला, आणि १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याची रचना सुबुद्ध आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, आणि म, न, व सोडून बहुतेक सर्व व्यंजने उजव्या हाताला. व्यंजन, मात्रा, व्यंजन, मात्रा असा मराठीचा प्रवाह चालतो, त्यामुळे हात आळीपाळीने काम करतात, आणि एक उतरत असता दुसरा क्षणभर सुटतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या पद्धतीत हे साधत नाही, शिवाय कळाही अधिक लागतात. ‘तंजावर’ हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये सहा कळांत उमटतो; प्रत्येक अकार वेगळा द्यावा लागणाऱ्या रोमन पद्धतीत त्याला नऊ कळा लागतात. दिवसाकाठी चारपाच हजार शब्द उतरविणाऱ्याने हा हिशेब अवश्य करावा.

परंतु इन्स्क्रिप्टमध्ये एक बोट भरडले जाते, ते उजव्या हाताची करंगळी. इंग्रजीत तिच्या वाट्याला पी हे अक्षर आणि काही विरामचिन्हे येतात, म्हणजे काम बेताचे. देवनागरीत त्याच कळांवर ज, च, ट, ड आणि य बसविले आहेत. ह्यांतला च पाहा. मराठीत षष्ठीचा प्रत्ययच चा, ची, चे असा आहे. राजाचा, राणीची, अन्नछत्राचे असे म्हटल्यावाचून दप्तरातील एक ओळ सरकत नाही. त्यातच एंटर आणि बॅकस्पेस ह्या मोठ्या कळाही तिच्याकडेच, शिवाय ण, थ आणि ध ह्यांसारख्या अक्षरांसाठी शिफ्टची कळ दुसऱ्या हाताच्या करंगळीला दाबून धरावी लागते. ‘आणि’ हा साधा शब्द दोनदा शिफ्ट मागतो. सर्वांत दुबळ्या बोटावर भाषेतील सर्वांत वर्दळीची अक्षरे आली आहेत. म्हणून मराठी लिहिणाऱ्याने दुभंगलेला फलक घ्यावयाचाच तर अंगठ्याखाली चारदोन कळा असलेला घ्यावा, आणि एंटर, बॅकस्पेस व शिफ्ट ही कामे अंगठ्याकडे द्यावी. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही चैन वाटेल; मराठीला ती गरज आहे. आणखी एक बारीक गोष्ट: इंग्रजी बीच्या कळेवर आपला व बसतो. दुभंगलेल्या फलकात ती कळ बहुधा डाव्या भागात असते. तो व उजव्या तर्जनीने मारण्याची ज्याला सवय आहे, त्याची ‘व’ शोधता शोधता पहिल्या आठवड्यात बरीच तारांबळ उडते. विकत घेण्यापूर्वी बी कोठे आहे हे पाहून घ्यावे.

तंजावरला मोडीचे तमिळ भाषांतर उतरविणाऱ्याला ‘तमिळ ९९’ हा फलक उपलब्ध आहे. १९९९ मध्ये चेन्नईच्या परिषदेतून तो सिद्ध झाला आणि तमिळनाडू शासनाने त्याला मान्यता दिली. त्यातही स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे हीच वाटणी आहे. परंतु क, प, म, त, न ही तमिळमधील वर्दळीची व्यंजने मधल्या ओळीत, बोटांच्या खालीच ठेवली आहेत, आणि व्यंजनानंतर स्वराची कळ दाबली की मात्रा आपोआप लागते, त्यामुळे मात्रेसाठी वेगळ्या कळेचीही गरज नाही आणि शिफ्टही क्वचितच लागते. तमिळ लिपीत महाप्राण अक्षरे नाहीत, हा तिचा मोठा लाभ झाला हे मान्य केले पाहिजे. तरीही अक्षरांची वारंवारता मोजून त्यांना बोटे वाटून देण्याचा जो विचार त्यात दिसतो, तो मराठीपुरता अजून कोणी शासकीय पातळीवर केला तर उपकार होतील. इन्स्क्रिप्टमध्ये सर्व भारतीय लिप्यांना एकच जागा दिल्यामुळे एक शिकला की दुसरी सोपी जाते, हा त्याचा गुण. त्या गुणाची किंमत मराठी करंगळी देते.

साधन कितीही चांगले असले तरी विसाव्याची जागा ते घेत नाही. दौतीने आणि दांड्याने जे आपोआप दिले, ते आता ठरवून घ्यावे लागते. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यातील आकडे भरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज ज्या तासांत सुट्टी नव्हती त्या तासांत पाच मिनिटांची विश्रांती देण्यात आली. हातांची आणि डोळ्यांची तक्रार कमी झाली, आणि दिवसाअखेरचे काम घटले नाही. पानांवर मोबदला मोजणाऱ्या ठिकाणी हा निष्कर्ष भिंतीवर लावण्यासारखा आहे, कारण तेथे माणूस स्वतःच विसावा नाकारतो. लिप्यंतराच्या कामाला ही सोय नैसर्गिकपणे जुळते: एक रुमाल सोडून दुसरा बांधणे, अडलेल्या अक्षरासाठी जुनी नोंद काढून पाहणे, सहकाऱ्याला विचारावयास उठणे, ही कामे टंकनाच्या मध्येमध्ये पेरता येतात. ती सकाळी एकदम उरकून दुपारभर टंकनच करीत बसणे हे हाताच्या दृष्टीने वाईट.

काही खुणा मात्र कळफलकाच्या दुकानात नेण्याच्या नाहीत. रात्री झोपेतून हाताला मुंग्या येऊन जाग येणे, अंगठा आणि पहिली दोन बोटे बधिर होणे, हातातून पेला निसटणे, सुट्टीच्या दोन दिवसांनंतरही दुखणे तसेच राहणे, ह्यांपैकी काही दिसले तर वैद्याकडे जावे, आणि लवकर जावे. दाबाखाली फार काळ राहिलेला मज्जातंतू पुरता सावरेलच असे नाही. दुखत्या हाताने काम रेटून दुसऱ्या हातावर भार टाकण्याचा मोह होतो. त्याचे काय होते हे रामाझ्झिनीच्या लेखनिकाने दाखविले आहे.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. ज्या कचेरीत पाचसहा माणसे असे काम करतात, तेथे सर्वांसाठी एकाच जातीचे पाचसहा फलक मागविणे हिशेबाला सोपे, पण हातांना अन्यायाचे. दोन निरनिराळे फलक आणावेत, प्रत्येकाने महिनाभर वापरून पाहावेत, जुना फलक शेजारी ठेवावा, आणि निवड वापरणाऱ्याने करावी. दुसऱ्याचा बोरू आपल्या हाताला बसत नसे, तोच प्रकार येथेही आहे. दुभंगलेल्या फलकावर पहिले दोन आठवडे वेग उतरतो, कधी निम्म्यावर येतो. तो पुढे परत येतो. पण त्या पंधरवड्यात कमी भरलेल्या पानांची वजावट लिहिणाऱ्याच्या मोबदल्यातून होऊ नये, ही अट खरेदीच्या मंजुरीच्या कागदावरच नमूद करून ठेवावी.